जू, चाक आणि टेबलाची कड : विमानाच्या योकची गोष्ट

आजचा भाग थोडा वेगळा आहे. घरी कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर खेळणारे, किंवा ‘खेळणारे’ म्हटलं की रागावणारे, बरेच जण आपल्यात आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न सारखा येतो: योक घ्यायचा का, आणि घेतला तर लावायचा कसा? याचं उत्तर दोन मिनिटांत देता येईल. पण माझा अनुभव असा, की या वस्तूचा इतिहास कळला की निवड आपोआप सोपी होते. म्हणून आधी इतिहास, मग टेबल.

सुरुवात शब्दापासून करू. इंग्रजीतला ‘योक’ म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. आणि गंमत म्हणजे आपलं ‘जू’, संस्कृतातलं ‘युग’, आपला ‘योग’ आणि हा ‘योक’ हे सगळे एकाच मुळातून आलेले शब्द. जोडणं हा सगळ्यांचा अर्थ. हा अर्थ लक्षात ठेवा, शेवटी तो परत लागणार आहे.

आता १९०३ साल. १७ डिसेंबर, किटी हॉक. ऑर्व्हिल राइट विमानात बसलेला नव्हता, पोटावर झोपला होता. हातात एक दांडा, त्याने पुढचं एलिव्हेटर हलायचं, म्हणजे नाक वर-खाली. आणि डावी-उजवी कलण्यासाठी? कंबर. कंबरेखाली एक पाळण्यासारखी चौकट होती. ती सरकवली की पंखांना पीळ बसायचा आणि तिलाच जोडलेलं मागचं रडरही वळायचं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. म्हणजे विमान उडवणं ही सुरुवातीला हाताची नव्हे, अख्ख्या शरीराची गोष्ट होती.

दोन वर्षांत राइट बंधूंनी एक महत्त्वाचा बदल केला. १९०५ च्या विमानात त्यांनी रडर पंखांच्या पिळापासून सोडवलं, स्वतंत्र केलं. दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या की काही वळणांमध्ये विमान हाताबाहेर जातं, हे त्यांना पडून-झडून कळलं होतं. आज सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो रडर’ नावाचा एक पर्याय असतो. तो चालू ठेवला की आपण नकळत १९०३ मध्ये जाऊन बसतो. याकडेही परत येऊ.

पुढची पाच-सात वर्षं म्हणजे नुसता गोंधळ. प्रत्येक जण आपली वेगळी पद्धत काढत होता. ग्लेन कर्टिसच्या विमानात मोटारीसारखं चाक होतं, पण ते फिरवलं की रडर वळायचं. ढकललं-ओढलं की नाक खाली-वर. आणि कलण्यासाठी? खांद्याभोवती एक चौकट, वैमानिकाने नुसतं त्या बाजूला झुकायचं. सायकलवर वळताना आपण झुकतो तसं. राइट बंधूंच्या नंतरच्या विमानांत दोन उभे दांडे. फ्रान्समध्ये लुई ब्लेरिओने २५ जुलै १९०९ ला इंग्लिश खाडी ओलांडली, ती मधोमध उभी दांडी असलेल्या विमानातून. तिच्या डोक्यावर एक छोटं चाक होतं, पण ते फिरायचं नाही, नुसतं धरायला होतं!

विचार करा, एका पद्धतीवर शिकलेला माणूस दुसऱ्या विमानात बसला तर काय होईल? घाबरलेला हात नेहमी जुनी सवयच करतो. तेव्हा ही नुसती सोयीची बाब नव्हती, जिवाची होती.

या गोंधळातून दोन पद्धती टिकल्या. एक म्हणजे मधोमध उभी दांडी, स्टिक. दुसरी फ्रान्सच्या देपर्दुसँ विमानांवरून ओळखली जाणारी. उलट्या ‘यू’च्या आकाराची चौकट, तिच्यावर चाक. चौकट पुढे-मागे केली की नाक, चाक फिरवलं की पंख, आणि रडर पायाला. हाच आजच्या योकचा आजोबा. अमेरिकेत या पद्धतीला चक्क ‘डेप कंट्रोल’ म्हणायचे. कर्टिसच्या प्रसिद्ध ‘जेनी’ या शिकाऊ विमानात सुरुवातीला हेच चाक होतं, १९१७ च्या जेएन-४डी मध्ये ते जाऊन स्टिक आली. लढाऊ वैमानिकाला एक हात मोकळा हवा असतो आणि चपळाई हवी असते, म्हणून तिकडे स्टिक राहिली.

मग चाक कुठे राहिलं? मोठ्या विमानांत. कारण सरळ आहे. तेव्हा हायड्रॉलिक्सची मदत नव्हती. पंखावरचं एलेरॉन वाऱ्याच्या दाबाविरुद्ध माणसाच्या ताकदीने हलवायचं. स्टिक आडवी किती जाणार? मांडी मध्ये येते. चाक मात्र भरपूर फिरवता येतं, दोन्ही हातांनी, सावकाश जोर लावून. विहिरीवरच्या रहाटासारखंच गणित. १९३५ मध्ये डीसी-३ उडालं तेव्हा त्यात चाकच होतं. आणि योगायोग बघा, त्या पहिल्या उड्डाणाची तारीखही १७ डिसेंबर.

आता गोष्ट विमानातून खोलीत येते.

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन आठवा. पायाने भाता मारायचा, हवेच्या जोरावर सूर निघणार. लिंकला उडायला शिकायचं होतं आणि शिकवणी महाग होती. त्याने काय केलं, ऑर्गनचे भाते घेतले, त्यांच्यावर विमानासारखी एक पेटी बसवली. आत बसून नियंत्रणं हलवली की भात्यांत हवा कमी-जास्त होऊन पेटी कलायची, वळायची. १९२९ च्या सुमारास ही चीज तयार झाली. पण विमानवाल्यांनी तिला फारसं विचारलं नाही. ती विकली गेली कुठे? करमणुकीच्या बागांमध्ये! म्हणजे ‘हा तर खेळ’ हा टोमणा सिम्युलेटरला जन्मापासून आहे.

१९३४ मध्ये चित्र बदललं. अमेरिकन सरकारने हवाई टपालाचं काम खासगी कंपन्यांकडून काढून सैन्याच्या वैमानिकांकडे दिलं. हिवाळा, रात्र, ढग, आणि नुसत्या उपकरणांवर उडण्याचा पुरेसा सराव नाही. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. ढगात शिरल्यावर शरीर खोटं बोलतं. आपण सरळ आहोत असं वाटतं आणि विमान वळत वळत खाली जात असतं. त्यानंतर सैन्याने लिंकच्या सहा पेट्या घेतल्या, एक ३,५०० डॉलरला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा १०,००० हून अधिक बनल्या. जत्रेतला पाळणा वैमानिकांची शाळा झाला.

तिथून उडी मारून १९७५. इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक या विद्यार्थ्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर उड्डाण दाखवण्यावर प्रबंध लिहिला. १९८० मध्ये त्याचा सिम्युलेटर ॲपल-२ वर आला, रेघारेघांची जमीन, रेघारेघांचे डोंगर. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीसाठी काढला. विमान उडवायचं कशाने? कीबोर्डने. एक बटण दाबलं की एलेरॉन एक पायरी. हात पूर्णपणे गायब.

हात परत आणला तो गेमपोर्टने. पीसीच्या मागच्या त्या पंधरा टाचण्यांच्या खाचेत जॉयस्टिक लागायची, आणि १९९० च्या दशकात सीएच प्रॉडक्ट्ससारख्या कंपन्यांचे टेबलाला चिकटवायचे योकही. गंमत म्हणजे गेमपोर्ट कोन मोजायचाच नाही, वेळ मोजायचा. आतला एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागला यावरून दांडी कुठे आहे हे ठरवायचा. खोली तापली की आकडे सरकायचे, आणि सरळ धरलेलं विमान आपलं आपण डावीकडे कलू लागायचं. ‘आधी कॅलिब्रेट करा’ हा मंत्र त्या काळातला. यूएसबी आलं आणि मोजणी योकच्याच पोटात होऊ लागली. पुढे घासून झिजणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या जागी चुंबकीय हॉल सेन्सर येऊ लागले. हनीकॉम्बच्या अल्फासारखा योक पूर्ण १८० अंश फिरतो, जवळजवळ खऱ्या छोट्या विमानासारखा.

इतिहास संपला. आता टेबल.

पहिला प्रश्न पैशांचा नाही, विमानाचा आहे. तुम्ही काय उडवणार? मुंबई विमानतळावर उभे राहा. इंडिगोचं ए३२० दिसलं, त्यात योक नाही. बाजूला छोटी साइडस्टिक आहे. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ए३२० ने प्रवासी विमानांतून चाक काढून टाकलं. अकासाचं ७३७ किंवा एअर इंडियाचं ७७७ दिसलं, त्यात योक आहे. फ्लाइंग क्लबची सेसना १७२, योक. तेव्हा रोज ए३२० उडवणाऱ्याने हजारो रुपये घालून योक घेणं म्हणजे सायकलला बैलाचं जू. साधी जॉयस्टिक बरी.

दुसरा प्रश्न, किती फिरतो आणि मध्याला कसा वागतो. थोडाच फिरणारा योक जरा हलला तरी विमान खूप कलतं. आणि काही योकांना बरोबर मध्यावर एक खटका असतो. हाताला कळतं की मध्य आला, पण धावपट्टीवर उतरताना आपल्याला त्या मध्याच्या आसपासच केसाएवढ्या हालचाली करायच्या असतात. तेव्हा तो खटका बोटात घुसलेल्या कुसळासारखा छळतो. दुकानात जाऊन बघता आलं तर एकच करा: मध्यावरून अगदी सावकाश पलीकडे न्या. अडकला तर नको.

तिसरं, बसवणं. आमच्या जेवणाच्या टेबलाची कड गोलाकार होती, शिकंजा घट्ट बसेना, उतरताना ओढलं की अख्खा योक उचलला जायचा. शेवटी एक सपाट फळी टाकली. कोपर मांडीपासून थोडं वर, हात लांबवावा लागू नये, ही उंची. उंच टेबलावर योक ठेवला की खांदे आखडतात आणि आखडलेला हात कधीच नाजूक चालत नाही.

चौथं, सेटिंग. एकच काम दोन साधनांना दिलेलं नाही ना, हे आधी बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. डेड झोन अगदी थोडा, नुसती थरथर थांबेल इतका. सेन्सिटिव्हिटीची रेघ सुरुवातीला सरळच ठेवा. मध्य मऊ करायला वक्र केली की टोकाला ती तेवढीच तीव्र होते, कर्ज कुठेतरी फेडावंच लागतं. आणि ऑटो रडर बंद. पायाला पेडल्स नसतील तर योकचे पैसे थोडे कमी करा आणि पेडल्स घ्या. राइट बंधूंनी १९०५ मध्ये सोडवलेली गाठ आपण परत का बांधायची?

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मला घरी कळली नाही. काही महिने सिम्युलेटरवर मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरून उतरून मी शेर झालो होतो. मग एकदा प्रशिक्षकाबरोबर खऱ्या सेसनात बसलो. पाच मिनिटांत हात दुखायला लागला. मी योक सतत दाबून धरला होता, सतत हलवत होतो. प्रशिक्षकांनी ट्रिमचं छोटं चाक थोडं फिरवलं आणि हातातला जोर विरघळून गेला. विमान आपलं आपण सरळ चाललं.

खऱ्या विमानात हात जागा नाही, जोर वाचतो. वारा परत ढकलतो, ट्रिम तो धक्का काढून घेतं. घरच्या योकमध्ये वारा नाही, स्प्रिंग आहे. ती एकच गोष्ट ओरडत असते, मध्याला चल. वेग कितीही असो, ट्रिम कुठेही असो. फोर्स फीडबॅकवाले योक हे बरंच सुधारतात, पण ते महाग. म्हणून घरी ट्रिमला दोन बटणं द्या आणि सवय लावा: नाक हवं तिथे धरा, ट्रिम करा, आणि ट्रिम होत जाईल तसतसा हात सैल सोडत मध्याला आणा. हे नाही केलं तर घरचा योक हाताला चुकीचं शिकवतो. आणि घाबरलेला हात जुनी सवय करतो, हे आपण मघाशी पाहिलंच.

मग घरचा हात खोटा का? नाही. लिंकच्या पेटीलाही वारा नव्हता. शरीर कुठे खोटं बोलतं, हे सांगायलाच ती होती. आपला योक कुठे खोटं बोलतो हे माहीत असलं, की उरलेलं सगळं तो खरं शिकवतो.

आणि आता ते जू. ७३७ मध्ये दोन योक असतात, आतून जोडलेले. कॅप्टनने वळवला की शेजारच्या हातातलाही वळतो. दोन माणसं एका जुवाखाली, एकाला कळतं दुसरा काय करतोय. ए३२० च्या दोन साइडस्टिक एकमेकींबरोबर हलत नाहीत, तिथे ते बोलून आणि उपकरणांवरून कळावं लागतं. दोन्ही विमानं रोज लाखो लोकांना सुखरूप नेतात. पण मला विचाराल तर माझ्या टेबलावर योक आहे, तो त्या जोडणीसाठी. पलीकडची खुर्ची रिकामी असते. तरी उतरताना उजवीकडे कुणीतरी हलकेच हात ठेवून बसलंय, असं समजून मी थोडा कमी जोर लावतो. उतरणं खरंच सुधारतं. करून बघा.

भेटू पुढच्या भागात.