साखळीचा आवाज

मदिनत अश शमाल म्हणजे ‘उत्तरेचे शहर’. कतारच्या उत्तर किनाऱ्यावरील गावांचे प्रशासकीय केंद्र म्हणून ते १९७०च्या दशकात वसवले गेले. मोटार गृहीत धरूनच वसलेले हे गाव दोह्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. त्यामुळे इथे जुन्या इंजिनाची खडखड कानाआड करून चालत नाही.

या खडखडीलाही इतिहास आहे. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले. पुढे मोटारीत क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी हा मेळ राखायला साखळी आली. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीतही तीच होती. १९६२ साली जर्मनीच्या ग्लास कंपनीने दातेरी रबरी पट्टा आणला. तो शांत चालणारा, पण ठरावीक मुदतीने बदलावा लागणारा. आखातात दोन्ही नांदले. १९९८च्या लँड क्रूझरमध्ये सहा सिलिंडरच्या ४.५ लिटर इंजिनाला साखळी होती, तर ४.७ लिटर व्ही-८ला पट्टा. म्हणून पहिला प्रश्न हाच: तुमच्या गाडीत साखळी आहे की पट्टा?

साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा झिजतात ते तिच्या सांध्यांतल्या पिना आणि बुश. कणाकणाची झीज मिळून साखळी लांबते. ही ढील टेन्शनर काढतो, बहुधा तेलाच्या दाबावर. रात्रभर उभी गाडी सुरू करताच क्षणभर खडखड झाली आणि थांबली, तर संशय टेन्शनरवर किंवा खाली उतरलेल्या तेलावर. इंजिन तापल्यावरही ती टिकली, तर साखळी आणि गाइड तपासावेत. बाहेरचा पट्टा काढून इंजिन काही सेकंदच चालवल्यावर आवाज गेला, तर दोष अल्टरनेटरचा किंवा पुलीचा. पी००१६ हा कोड क्रँक-कॅमचा मेळ चुकल्याचे सांगतो, पण त्याचे कारण सेन्सरही असू शकतो.

परतणाऱ्याने विकलेली गाडी नव्याने आलेला घेतो, ही आखातातली जुनी रीत. घेणारा ओडोमीटर पाहतो. पण उन्हाळ्यात एसीसाठी जागच्या जागी चाललेले तास त्यात नसतात. तेल मात्र त्या तासांतही जुने होते. म्हणून आकड्याआधी तेल बदलल्याच्या नोंदी मागा. साखळीने दाते सोडले, तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात, आणि मग खर्च साखळीपुरता राहत नाही.