कुणाची भिंत, कुणाचं छप्पर

किल्ला कुणी बांधला हे इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. त्याचा ढासळलेला बुरूज दर पावसाळ्यानंतर कुणी चढवला, हे सापडत नाही. बांधणाऱ्याचं नाव शिलालेखावर जातं आणि दुरुस्त करणाऱ्याचं नाव हजेरीपटावरसुद्धा राहत नाही. म्हणून मी दुरुस्तीचा इतिहास लिहायला बसलोय. त्यातही एका साध्या गोष्टीचा.

मे महिन्यात आपल्या कुठल्याही वस्तीत जा. पत्र्यावर एक म्हातारा चढलेला दिसेल. डोक्याला टॉवेल, हातात हातोडी, तोंडात दोन खिळे. नोकरीतून रिटायर झालेला. घर त्याचं नाही, पोराचं नाहीतर लेकीचं. पोरगा कामावर गेलाय आणि बाप त्याचं छप्पर बघतोय. खाली म्हातारी वायसर मोजून देतेय. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण या एका दृश्यात तीन गोष्टी आहेत : स्वतःचं घर, कामातून सुटका झालेला बाप आणि दुसऱ्याच्या हुकमाशिवाय चाललेला हात. आपल्या बापजाद्यांना या तिन्ही गोष्टी नव्हत्या. तिन्हींसाठी वेगवेगळं भांडावं लागलं.

१

गावगाड्यात महाराच्या कामांची यादी मोठी. सांगावा पोचवणं, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढं धावणं, मेलेलं ढोर ओढणं, मयताची खबर परगावी नेणं. त्यातच एक काम होतं गावकूस आणि चावडी दुरुस्त करायचं. पावसानं गावकुसाची भिंत खचली की हाक महारवाड्याला. भिंत बांधायची आपण, आणि राहायचं त्याच भिंतीच्या बाहेर! चावडीची जमीन सारवायची आपल्या बायांनी, आणि बसायचं चावडीच्या खाली, लांब.

आणि स्वतःचं घर? अस्पृश्यांवर गावानं लादलेल्या बंधनांची यादी बाबासाहेबांनी दिली आहे. अस्पृश्यानं कौलारू घर बांधणं हा गुन्हा धरला जाई, असं त्या यादीत आहे. म्हणजे ज्याच्या हातात भिंत सावरायची कला होती, त्याला स्वतःच्या डोक्यावर कौल घालायची बंदी. गवताचं छप्पर दर वर्षी कुजणार, दर वर्षी नव्यानं घालावं लागणार. माणसाला कायम दुरुस्तीत गुंतवून ठेवायची ही व्यवस्था होती.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्यांची. वतन वंशपरंपरेचं, म्हणून त्यात निवृत्ती हा शब्दच नाही. पाळीचा महार हजर नसेल तर त्याच्या घरातलं जे माणूस हाताला लागेल त्यानं राबायचं. बाप असो, बायको असो. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात हाच मुद्दा मांडला : सरकार पगार एकाचा देतं, तोही नावाचा, आणि राबवतं सगळ्या कुटुंबाला. वतनाचा कायदा १८७४ चा. त्यात दुरुस्ती करायचं बिल त्यांनी १९२८ साली आणलं. १९३७ साली परत आणलं. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद घेतली. कायद्यानं वतनं गेली ती १९५८ साली, बाबासाहेब गेल्यानंतर दोन वर्षांनी. या तीस वर्षांत किती म्हातारे गावकुसाच्या चिखलात उभे राहिले असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

बांधकामावर माल वाहणाऱ्या मजुराला आजही बिगारी म्हणतात. हा शब्द बेगारीतून आलाय. म्हणजे मजुरी मिळायला लागली तरी शब्दानं जुनं कूळ सोडलं नाही.

२

आपल्या समाजाला पेन्शन हा शब्द प्रथम कळला तो पलटणीतून. रामजी सुभेदार हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. लष्करातून निवृत्त झाले, पुढं साताऱ्याला नोकरी केली आणि नंतर पोरांच्या शिक्षणासाठी मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. माणसं किती, आणि खोली किती! धनंजय कीरांच्या चरित्रात तिचं वर्णन आहे. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे, रामजी जागे राहायचे. रात्री दोनला पोराला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पोरगा दिव्यापुढं पुस्तक उघडायचा.

आपण ही गोष्ट जयंतीच्या भाषणात शिक्षणाची गोष्ट म्हणून सांगतो. ती घराचीही गोष्ट आहे. खोली वाढवता येत नव्हती, भिंत पाडता येत नव्हती, म्हणून निवृत्त बापानं वेळेची भिंत घातली. एका खोलीच्या दोन खोल्या केल्या, एक संध्याकाळची आणि एक पहाटेची. पुस्तकांना पैसे कमी पडले की लेकींचे दागिने गहाण पडायचे. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी वारले. त्यांनी गवंड्याची थापी धरली की नाही हे मला माहीत असायची गरज नाही. रिटायर झालेल्या बापानं पोराचं घर कसं राहतं केलं, याचा आपल्या इतिहासातला हा मोठा दाखला आहे.

३

मग मुंबई, गिरण्या, चाळी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याच्या परळच्या पोयबावडीच्या चाळीत पुढं बाबासाहेब राहिले. १९२० साली गव्हर्नर लॉइडच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि त्यानं बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी, मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याला २० खोल्या, इमारतीत ८०. खोली १६० चौरस फूट. सुरुवातीला कामगारांना त्या इतक्या नकोशा वाटल्या, की पुष्कळ ओस पडून राहिल्या. सत्याग्रहाच्या काळात वरळीच्या चाळी सरकारनं तुरुंग म्हणून वापरल्या. १६० फुटांत आपले लोक सात-आठ जण राहिले, ती जागा आधी कैद्यांची होती हे ध्यानात ठेवा.

काँक्रीटच्या घराचं दुखणं वेगळं. पाणी आत मुरतं, सळई गंजते. गंजली की फुगते आणि फुगली की पोटातून काँक्रीट फोडते. वरून कितीही प्लास्टर मारा, आतलं दुखणं थांबत नाही. इमारत सरकारी, म्हणून अर्ज सार्वजनिक बांधकाम खात्याकडं. अर्ज करायचा आणि वाट बघायची. खाजगी चाळींचं तर विचारूच नका. १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरू वाचला, पण मालकानं दुरुस्तीतून अंग काढलं. चाळी कोसळायला लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. भाडेकरूंकडून सेस घ्यायचा आणि मंडळानं दुरुस्ती करायची. अर्ज आणि मंडळ यांच्यामधल्या वर्षांत खोली कुणी सांभाळली? रिटायर झालेल्या म्हाताऱ्यांनी.

गिरणीतला रिटायर माणूस ही नवीनच जात होती. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. त्याआधी हातपाय थकले की माणूस गावाला जायचा, रिकामा. आपल्या माणसाला तर गिरणीतही जात आडवी आली. कापडखात्यात धोट्याचा दोरा तोंडानं ओढायचा, म्हणून विणाईच्या चांगल्या पगाराच्या कामावर अस्पृश्याला घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं मांडला. आपला माणूस त्रासन खात्यात राहिला, म्हणून त्याचा पगार कमी. पगार कमी म्हणून पुढं फंडही कमी. जात रिटायर होत नाही, ती फंडाच्या आकड्यातही उतरते.

तो फंड घेऊन म्हातारा गावाला जायचा आणि ऋतूबरोबर जा-ये करायचा. वैशाखात गावचं घर शाकारायला. माणदेशाकडं धाब्याचं घर असेल तर माळवदावर पांढरी माती टाकायला. पाऊस लागायच्या आत परत मुंबईला, लेकाच्या खिडकीला ताडपत्री बांधायला. पावसाळा उलगडला की भिंती सुकेपर्यंत थांबायचं आणि मग प्लास्टर. दिवाळीला रंग काढणारे काढोत. आपल्या घरात चुना कालवला जातो १४ एप्रिलच्या आधी, नाहीतर अशोक विजयादशमीला. १९५६ नंतर आपल्या भिंतींचं पंचांगही बदललं.

भिंती पावसानंच पडतात असं नाही. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरची सभा झाली आणि दंगल पेटली. याच चाळींच्या गच्च्यांवरून दगड आले. १० जानेवारीला मोर्च्यावर वरून पाटा पडला आणि भागवत जाधव गेला. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात घरं पेटवली. पोचिराम कांबळेला जिवंत सोडलं नाही. आपल्या म्हाताऱ्यांनी गळतं छप्पर दुरुस्त केलं, फुटलेलं दार दुरुस्त केलं. जळालेल्या घराला मात्र दुरुस्ती नसते, ते मुळापासून उभं करावं लागतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. माझा आजा त्यातलाच. पंचेचाळिशीचा माणूस एका दिवसात रिटायर झाला, ना फंड हातात, ना सत्कार. त्याच्यासारखे कितीतरी जण तेव्हा दुसऱ्यांच्या घरांचे रंगारी, गवंडी झाले.

४

ज्यांना चाळही मिळाली नाही ते झोपडपट्टीत गेले. १९७१ साली झोपडपट्टीचा कायदा झाला, १९७६ साली झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास आले. फोटोपास म्हणजे झोपडीचा जन्मदाखला. इथं दुरुस्तीलाच कायदा आडवा येतो. कूड काढून विटा लावल्या तर हा नवीन बांधकाम म्हणणार, पोटमाळा चढवला तर उंची मोजणार. मुंबईत १४ फुटांची रेघ आहे, तिच्यावर गेला की हातोडा. म्हणून आपलं घर एकदम बांधलं जात नाही. एका उन्हाळ्यात एक भिंत, दुसऱ्या उन्हाळ्यात लादी. दुरुस्ती म्हणता म्हणता बांधलेलं हे घर आहे.

माझा बा आधी बिगारी होता, मग एका कारखान्यात हेल्पर. ५८ व्या वर्षी सुटला. माझी बहीण अशाच वस्तीत राहते. तिचं घर बा बघतो. त्याचं शास्त्र ऐका. पत्र्याला भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगटात पाडलं तर पाणी तिथंच साचणार. बोल्टखाली डांबरी वायसर घालायचा आणि जास्त आवळायचा नाही, आवळला तर पत्रा दबतो. वरचा पत्रा खालच्यावर चांगला वीतभर चढवायचा. उंबरा गल्लीपेक्षा दोन विटा वर, कारण गटार जूनमध्ये आपली वाट विसरतं. भिंतीवर ओल दिसली तर आधी पाणी कुठनं येतं ते शोधायचं, रंग मागनं. हे त्यानं पुस्तकात वाचलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींना हात लावून शिकला. त्याची ही विद्या स्वतःच्या रक्ताच्या घराला लागली ती साठीला टेकल्यावर.

आणि आय? ती कधी नोकरीतच नव्हती, म्हणून रिटायर होत नाही. वाळू चाळते, घमेलं देते, तुकडा फरशी रात्रीत धुऊन ठेवते, वर नातवाला सांभाळते. दुपारी भाकरी तिचीच.

इथं एक टोचणारा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. वतनात सगळ्या कुटुंबाला राबवलं म्हणून आपण वतन जाळलं. मग पोराच्या घरात म्हातारा-म्हातारी फुकट राबतात, ती कुठली वेठ? मी बालाच विचारलं. बा म्हणाला, "पाटलाच्या हाकंला नाय म्हनता येत नव्हतं. तुला म्हनता येतं. म्हनून येतो." आय काही बोलली नाही. तिला नाही म्हणता येतं का, हे बालाही सांगता आलं नाही. बाच्या उत्तरात वेठ आणि प्रेम यांतला फरक आहे. आयच्या गप्प बसण्यात आपल्या चळवळीचं राहिलेलं काम आहे.

५

आता चाळी पडतायत. बीडीडीच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ साली झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं. १६० चे ५०० झाले, यात रडायचं काही नाही. पण टॉवरच्या भिंतीला म्हातारा बाहेरून हात लावू शकत नाही. तिथली दुरुस्ती बिलानं होते. २०१४ पासून कामगाराची किमान पेन्शन ठरली ती महिना १००० रुपये. त्याच्या हातातली विद्या या बिलात वळती होत नाही.

आणि जिथं अजून पुनर्विकास यायचाय तिथं कागद मागतात. पत्रा कोणत्या साली बदलला, लाइटबिल कुणाच्या नावावर, गणनेत कोण होतं. सवर्णाच्या बापानं जमीन ठेवली, तिचा सातबारा आहे. आपल्या बापानं पोराच्या घरात चाळीस उन्हाळ्यांची मेहनत ठेवली, तिचा उतारा कुठल्या तलाठ्याकडं मिळत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनो, नुसत्या घोषणा पुरणार नाहीत. या उन्हाळ्यात आपापल्या वस्तीत तीन कामं करा. म्हाताऱ्यांना विचारून प्रत्येक घराचा दुरुस्तीचा इतिहास वहीत उतरवा, साल घालून. पत्र्याच्या, सिमेंटच्या पावत्या, जुने फोटोपास, सेसच्या पावत्या एका पिशवीत जपा. आणि घराच्या कागदावर आयचं नाव आहे का बघा. नसेल तर घालायला लावा.

आणि म्हातारा पत्र्यावर चढला तर खाली शिडी धरायला कुणीतरी राहा. रविवारची मीटिंग तासभर उशिरा सुरू झाली तरी चालेल.

जय भीम.