कमरेखालची भूल

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो. मालेगाव, निफाड, सिन्नर, कुठूनही निघालेला पेशंट इथे उतरतो आणि आसपासच्या एखाद्या रुग्णालयाची पायरी चढतो. मी भूलतज्ज्ञ आहे. जिथून बोलावणं येईल तिथल्या थिएटरात माझी बॅग घेऊन जाते. सिझेरियन, मोडलेलं हाड, प्रोस्टेट हे रोजचं. मधूनच एखादी पेनाइल इम्प्लांटची, म्हणजे ताठरतेसाठी लिंगात बसवायच्या इम्प्लांटची, केस लागते. गावात ‘हर्नियाचं ऑपरेशन आहे’ असं सांगून आलेले पन्नाशी-साठीचे, बहुधा मधुमेही गृहस्थ समोर बसतात. नजर जमिनीवर. बऱ्याचदा त्यांचा पहिला प्रश्न भुलीचाच असतो. “मॅडम, पूर्ण झोपवणार की मणक्यात सुई देणार?”

या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. ज्या अवयवांबद्दल चारचौघांत बोलायची आपल्याला लाज वाटते, त्यांचा या इतिहासातला वाटा फार मोठा आहे.

4 एप्रिल 1845. बंगालमधल्या हुगळीत जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने अंडवृद्धी झालेल्या एका कैद्याला मेस्मेरिझमने गुंगवलं. हात न लावता अंगावरून तळवे फिरवत राहायचं, अशी ती रीत होती. हत्तीरोगामुळे तिकडे वृषणकोशाला प्रचंड गाठी येत. पुढच्या काही वर्षांत एस्डेलने अशा कितीतरी गाठी याच पद्धतीने पेशंटला गुंगवून काढल्या. अशी झोप कुठल्या अदृश्य द्रवाने येत नाही, ती माणसाच्या स्वतःच्या मनातून येते, हे गोव्यातल्या कांदोळीचे आबे फारिया पॅरिसमध्ये त्याच्या आधीच सांगून गेले होते. पणजीत त्यांचा पुतळा आहे. गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक भूलतज्ज्ञाने तिथे दोन मिनिटं थांबावं असं मला वाटतं.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. सहा महिन्यांच्या आत, मार्च 1847 मध्ये, कलकत्त्यात ईथर वापरलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरात सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं आणि एस्डेलची रीत मागे पडली. पण क्लोरोफॉर्मने माणसं टेबलावरच दगावत. ते का होतं, याचा शोध घ्यायला 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसले, तेही हैदराबादेत, निजामाच्या खर्चाने. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. क्लोरोफॉर्म आधी श्वास बंद पाडतं, हृदय नव्हे, हा तिथल्या एडवर्ड लॉरी यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. पण क्लोरोफॉर्म देताना पेशंटच्या श्वासावर अखंड लक्ष ठेवायचं, ही त्यांची शिकवण खरी होती. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी डॉक्टर जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जातात. पुरुष पेशंट माझ्यासमोर अवघडतात तेव्हा मला रूपाबाई आठवतात. त्या काळी त्यांच्यासमोर माणसं किती अवघडली असतील!

मणक्यातल्या सुईची गोष्ट मात्र जर्मनीतल्या कील गावची. 16 ऑगस्ट 1898 रोजी ऑगस्ट बीयर यांनी क्षयाने सडलेल्या घोट्याच्या ऑपरेशनसाठी एका मजुराच्या पाठीतून कोकेन दिलं. पेशंटला वेदना झाली नाही, पण नंतर डोकं दुखलं, उलट्या झाल्या. ते कशामुळे, हे समजून घ्यायला आठ दिवसांनी बीयर स्वतःच टेबलावर आडवे झाले. सिरिंज सुईला नीट बसेना, पाठीतलं पाणी वाहून गेलं आणि प्रयोग फसला. मग त्यांचा सहायक हिल्डेब्रांट पुढे आला. त्याला भूल चढल्यावर नडगीवर लोखंडी हातोडा मारला, कातडीला पेटती सिगार टेकवली, वृषण जोरात दाबलं. त्याला काही दुखलं नाही. नंतर दोघांचीही डोकी कित्येक दिवस ठणकत होती. आज मी जी कमरेखालची भूल देते, ती या दोघांनी स्वतःच्या अंगावर सिद्ध केलेली आहे.

त्यांच्या डोकेदुखीचं मुख्य कारण होतं जाड सुई. आमची 25 किंवा 27 नंबरची सुई केसासारखी बारीक असते आणि कोकेनच्या जागी 1957 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं बुपिवाकेन आलं आहे. तरी ‘मणक्यात सुई घेतली की कंबर जन्मभर दुखते’ हे वाक्य मला अजूनही ऐकावं लागतं. सुईच्या जागी काही दिवस दुखतं. जन्मभराचं कंबरदुखणं त्या सुईने येत नाही.

इम्प्लांटचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. 1936 मध्ये रशियात बोगोराझ यांनी बरगडीची कूर्चा वापरून पाहिली. 1973 मध्ये अमेरिकेत ब्रँटली स्कॉट यांनी पंपाने फुगणारा इम्प्लांट आणला. आपल्या मुंबईत डॉ. रुपिन शहा यांनी परवडणारा, वाकवता येणारा भारतीय इम्प्लांट तयार केला. निफाडच्या शेतकऱ्याला हे ऑपरेशन आवाक्यात वाटू लागलं, याचं बरंच श्रेय मी त्या इम्प्लांटला देते.

आता पेशंटच्या प्रश्नाकडे येते. पूर्ण भूल देता येते, मणक्यात सुई देऊन कमरेखालची भूल, म्हणजे स्पायनल, देता येते आणि वाकणाऱ्या इम्प्लांटसाठी लिंगाच्या मुळाशी इंजेक्शनं देऊन थोड्या गुंगीतही काम होतं. माझा कल बहुधा स्पायनलकडे असतो. जुन्या मधुमेहात जठर सुस्तावतं. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक राहू शकतं आणि पूर्ण भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पण त्याच मधुमेहाने नसा बिघडल्या असतील तर स्पायनलने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मणक्यात सुई घालण्याआधी त्या बंद करून काही दिवस जावे लागतात. म्हणजे निवड पेशंटच्या खऱ्या माहितीवर ठरते. आणि इथेच लाज आड येते. ताठरतेसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, रोजची दारू, या गोष्टी बायकोसमोर किंवा मुलासमोर सांगितल्या जात नाहीत. म्हणून मी घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवते आणि मग विचारते.

या ऑपरेशनसाठी कुणी निघाला असेल तर माझं एवढंच सांगणं आहे. गावाला हर्निया सांगा, हरकत नाही. भूलतज्ज्ञाला सगळं खरं सांगा, घेत असलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट बरोबर आणा आणि कोणती भूल देणार, ती का देणार, हे आदल्या दिवशीच विचारा.