सॅम्युएल स्नो यांची कैद

न्यायासनाचा निकाल हा इतिहासाचा शेवटचा शब्द नव्हे, हें दाखविणारी एक हकीकत आज सांगावयाची आहे. ती अमेरिकेंतील सॅम्युएल स्नो या कृष्णवर्णी शिपायाची.

इ. स. १९४४ सालीं स्नो हे सिअ‍ॅटल शहरांतील फोर्ट लॉटन छावणींत होते. त्या काळीं अमेरिकन सैन्यांत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. काळ्यांच्या वांट्यास बहुधा हमालीचीं कामें येत. याच छावणींत इटालियन युद्धकैदीही ठेविलेले होते. १४ ऑगस्टच्या रात्रीं त्यांच्यांत व काळ्या शिपायांत दंगल उसळली आणि कित्येक इटालियन जखमी झाले. दुसरे दिवशीं गुलिएल्मो ओलिव्होट्टो या कैद्याचें प्रेत फांसास लटकलेलें आढळलें.

तेव्हां ४३ काळ्या शिपायांवर लष्करी न्यायालयांत आरोप ठेवण्यांत आले; तिघांवर खुनाचा, इतरांवर दंगलीचा. सरकारतर्फे लिऑन जॅवोर्स्की होते, जे पुढें वॉटरगेट प्रकरणांत प्रसिद्धीस आले. आरोपींस मात्र सर्वांत मिळून वकील दोन, आणि तयारीस दोन आठवडेहि नाहींत! डिसेंबरांत २८ जण दोषी ठरले. स्नो यांनीं सुमारें एक वर्ष कैद भोगली, व बाहेर आले ते अप्रतिष्ठेच्या बडतर्फीचा शिक्का घेऊन. इतर शिपायांस शिक्षणादिकांसाठीं मिळणारी सरकारी मदत त्यांस मिळाली नाहीं. फ्लोरिडांतील लीसबर्ग गांवीं झाडलोटीचीं व किरकोळ दुरुस्तीचीं कामें करून त्यांनीं प्रपंच चालविला.

बेचाळीस वर्षांनीं, १९८६ सालीं, ओलिव्होट्टोची कबर जॅक हॅमन या पत्रकारांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनीं हा विषय हातीं घेतला. पुढें त्यांस व त्यांच्या पत्नीस सरकारी दप्तरखान्यांत जनरल एलियट कुक यांचा १९४४ सालचा गुप्त अहवाल सांपडला. छावणींतील तपास किती हलगर्जीपणानें झाला व पुरावा कसा नष्ट होऊं दिला, हें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. हा अहवाल सरकारी वकिलांजवळ होता. बचावाच्या वकिलांस तो दिलाच नाहीं. हॅमन यांचा ग्रंथ २००५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि ऑक्टोबर २००७ मध्यें लष्कराच्या मंडळानें ती मूळ चौकशी अन्यायाची ठरविली.

स्नो यांस कैदेंतील काळाच्या पगाराबद्दल ७२५ डॉलरांची हुंडी आली. जुन्याच दरानें, व्याजावांचून! लोकांनीं टीका केली व व्याज देण्याचा कायदा मागाहून झाला. २६ जुलै २००८ रोजीं सिअ‍ॅटल येथें लष्करानें जाहीर क्षमा मागितली. समारंभासाठीं आलेले स्नो त्या वेळीं रुग्णालयांत होते; सन्मानाचें प्रमाणपत्र त्यांच्या मुलानें स्वीकारून त्यांस नेऊन दाखविलें. कांहीं तासांतच, वयाच्या ८४ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ओलिव्होट्टोस कोणीं मारलें, याचा निर्णय आजहि झालेला नाहीं. घाईनें दोषी ठरविल्यामुळें २८ जिवंतांवर अन्याय झाला, तसाच त्या मृतावरहि झाला. कारण खरा अपराधी शोधण्याची वेळ त्याच घाईंत निघून गेली. ज्या कागदानें न्याय झाला असता, तो त्याच वर्षीं लिहिलेला होता. तो वाचावयास मात्र साठ वर्षे लागलीं.