पडद्याआडची नाडी, पडद्यावरचा डॉक्टर

जुन्या हकिमांची एक गोष्ट आपल्या घरांमध्ये अजून सांगितली जाते. पडदानशीन बेगमच्या मनगटाला दोरा बांधायचा, दुसरे टोक पडद्याबाहेर हकीमसाहेबांच्या हातात द्यायचे, आणि त्यांनी दोऱ्यावरून नब्ज ओळखायची. मला ही गोष्ट खरी वाटत नाही. पण तिच्यातली अडचण खरी आहे, म्हणूनच ती टिकली. जाणकार एका बाजूला, आजारी माणूस दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये काहीतरी आडवे.

आमच्या वर्धा जिल्ह्यात मध्ये आडवे होते ते अंतर. आष्टी-कारंजाकडचा माणूस वर्ध्याला यायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, शिवाय सोबत येणाऱ्याचीही. यावर सेवाग्रामने काढलेला उपाय मला आजही धाडसी वाटतो: तज्ज्ञालाच खेड्यात आणून बसवायचे. कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय बिर्लांच्या अतिथिगृहात बायका-मुलांसाठी सुरू झाले. पुढे 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी तिथेच वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. देशाच्या आरोग्यमंत्री राहिलेल्या बाईंनी त्यासाठी दिल्ली नव्हे, सेवाग्राम निवडले. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, तिथे राहायचे. सुगीनंतर गावकऱ्यांनी ज्वारी जमा करायची आणि त्या बदल्यात उपचारात सवलत मिळवायची, अशी विमा योजनाही इथे चालली. पायलीने मोजलेला विम्याचा हप्ता!

दुसरा उपाय नंतर आला: तज्ज्ञ जिथे आहे तिथेच राहील, त्याचे फक्त डोळे आणि कान प्रवास करतील. 2000 साली आंध्रातल्या अरगोंडा गावी त्याची सुरुवात गाजली. मग इस्रोच्या उपग्रहाच्या मदतीने महाराष्ट्रात मुंबईचे केईएम रुग्णालय सिंधुदुर्ग, नंदुरबारसारख्या दूरच्या जिल्हा रुग्णालयांशी जोडले गेले. पण यंत्र जिल्ह्याच्या गावी असे, म्हणजे खेड्यातल्या माणसाची एसटी काही चुकली नाही.

ती चुकण्याची शक्यता निर्माण झाली 2019च्या नोव्हेंबरमध्ये, ई-संजीवनीमुळे. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रोग्याला समोर बसवतो आणि दूरच्या डॉक्टरला पडद्यावर बोलावतो. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 रोजी, केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले आणि 13 एप्रिलला घरबसल्या सल्ल्याची सोय सुरू झाली. वर्षानुवर्षे रेंगाळलेले काम तीन आठवड्यांत झाले.

या दोन सोयी एकच समजल्या जातात. माझ्या मते त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत रोग्याजवळ कुणाचा तरी हात आहे, दुसरीत नाही.

हाताचे महत्त्व या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. 1936 साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभे केले. परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. कुष्ठरोगाचा चट्टा कॅमेऱ्यात दिसतो, पण तिथली संवेदना गेली आहे की नाही, हे चट्ट्याला कुणीतरी हलकेच स्पर्श करून विचारल्याशिवाय कळत नाही. मुंबईतला त्वचारोगतज्ज्ञ कितीही मोठा असो, तो स्पर्श उपकेंद्रातल्या माणसानेच करायचा आहे. मानसिक आजारात किंवा मधुमेहाच्या पुढच्या तपासणीत पडदा बराच उपयोगी. पोटात गोळा असेल तर नाही. नियमांनीही हा निर्णय डॉक्टरवर सोडला आहे: बोलून भागत नसेल तर रोग्याला प्रत्यक्ष बोलवायचे.

आता आपल्या मोहल्ल्याचे बोलू. बाई डॉक्टर नाही म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी पडद्यावरची स्त्रीरोगतज्ज्ञ ही फार मोठी सोय आहे. पण घरातला मोबाइल बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. फोन धरून मुलगाच शेजारी बसला, तर अम्मी अंगावरून जाण्याविषयी काय बोलणार? ती म्हणेल, "कमर दुखती, बस." उपकेंद्राच्या खोलीत दार लावून एखादी सिस्टर शेजारी असली, तर तीच बाई मोकळी होते.

भाषेचेही तसेच. मी दोन भाषा शिकवतो, म्हणून हे जास्त खटकते. "जी घबराता" याचा अर्थ कधी भीती, कधी मळमळ, कधी छातीतली धडधड. "झुनझुनी" म्हणजे मराठीतल्या मुंग्या, हे समोरची सिस्टर सांगू शकते; दूरचा डॉक्टर घाईत असेल तर पुढचा प्रश्न विचारून मोकळा होतो. म्हणून मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलींना मी सांगत असतो: घरातल्या बाईला घेऊन उपकेंद्रात जा, तिची जुनी कागदपत्रे आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला, आणि ती बोलत असताना तिचे वाक्य तुम्ही पुरे करू नका.