दीड टन म्हणजे किती बर्फ? आणि ४६ अंशांत एसी का दमतो

मे महिना लागला की तुमचे एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. "एसी १८ वर ठेवलाय, तरी दुपारी खोली थंड होत नाही. गॅस भरून घेऊ का?" बहुतेक मेसेज नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव या बाजूचे. मी सॉफ्टवेअरवाला आहे, एसी मेकॅनिक नाही. पण माझं घर अकोल्याचं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाही आहे. आणि त्याचं उत्तर इतिहासात चांगलं सापडतं. तर आजचा भाग त्यावर.

सुरुवात एका शब्दापासून करू. टन. दुकानात आपण "दीड टनाचा द्या" म्हणतो. हे वजन आहे का? एसी काही दीड हजार किलोचा नसतो. हा टन आहे बर्फाचा.

१८३३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. माल काय, तर तळ्यावरचा गोठलेला बर्फ, करवतीने कापलेला. धंदा फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या माणसाचा. निघताना साधारण १८० टन बर्फ होता, चार महिन्यांचा प्रवास करून पोचला तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून! पुढे मुंबईत आणि मद्रासमध्येही हा बर्फ यायला लागला, तो साठवायला खास गोदामं बांधली गेली. मद्रासचं 'आइस हाउस' आजही समुद्रकिनारी उभं आहे.

नंतर यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाइकाला त्यांची ताकद सांगायची कशी? लोकांना बर्फ माहीत होता. म्हणून मोजमाप ठरलं ते असं: एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं यंत्र. हिशेब केला तर तुमचा दीड टनाचा एसी तासाला सुमारे ५७ किलो बर्फ वितळवण्याएवढी उष्णता खोलीतून बाहेर काढतो. आपल्याकडे हे अगदी शब्दशः घडलेलं आहे. १९३४ मध्ये मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला थंड डबा जोडला गेला, तेव्हा डब्याच्या खाली बर्फाच्या लाद्या ठेवून त्यावरची हवा पंख्याने आत सोडायचे.

आता यातला 'बाहेर काढतो' हा भाग धरून ठेवा. एसी थंडी तयार करत नाही. तो हमाल आहे. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो.

याआधी आपल्याकडे जे होतं ते वेगळ्या तत्त्वावर चालायचं. वाळ्याच्या ताट्या दारं-खिडक्यांना लावायच्या आणि भिस्तीने पखालीतून पाणी आणून त्यावर मारत राहायचं. पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेतं, हवा गार होते, वर वास फुकट. इंग्रजांनी त्याला हाताने फिरवायचा पंखा जोडून 'थर्मांटिडोट' नावाचा अवाढव्य लाकडी खोका केला. नीट बघितलं तर तो आपला कूलरच! फक्त मोटारच्या जागी माणूस. विदर्भात कूलरच्या बाजूंना आजही ताट्याच म्हणतात. पण दिवसभर तो पंखा फिरवणाऱ्या माणसाला गार वारा मिळत नव्हता, तो बाहेर उन्हात उभा असायचा. हे वाचताना मला फार बोचलं, पुढे कारण येईल.

एसीचा जन्म तर माणसांसाठी झालाच नाही. फ्लोरिडातले डॉक्टर जॉन गोरी यांनी तापाच्या रुग्णांसाठी बर्फ बनवायचं यंत्र केलं, १८५१ मध्ये पेटंटही घेतलं, पण पैसा कुणी लावला नाही आणि १८५५ मध्ये ते गेले. चाललं ते विलिस कॅरियरचं डिझाइन. १९०२, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला एक छापखाना. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा, आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. कॅरियर तेव्हा २५ वर्षांचा, कॉलेजातून बाहेर पडून जेमतेम एक वर्ष झालेलं. त्याने गार पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातलं पाणी काढलं. (माझ्या पहिल्या वर्षातलं योगदान म्हणजे एका लॉगिन पेजवरचं बटण. असो.) 'एअर कंडिशनिंग' हा शब्दही १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने काढला, त्यालाही सुताची काळजी होती.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. एसी जन्मापासून हवा कोरडी करणारं यंत्र आहे आणि कूलर हवा दमट करणारं. एकाच खोलीत दोन्ही एकदम लावले तर कूलर जे पाणी हवेत सोडतो, तेच काढण्यात एसीची ताकद जाते. दिवसा कूलर आणि रात्री खिडक्या लावून एसी, ही विदर्भातली पद्धत अगदी बरोबर आहे. दोन्ही एकत्र मात्र नको.

आता मूळ प्रश्न. खोक्यावरचा तो दीड टन कुठे मोजला? प्रयोगशाळेत, बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून. जगभर हीच सर्वसाधारण अट आहे. फार उष्ण प्रदेशांसाठी ४६ अंशांची वेगळी अट आंतरराष्ट्रीय मानकात आहे, पण आपल्या दुकानातल्या स्टिकरवरचा आकडा ३५ वाला असतो. स्टारसाठी २०१८ पासून जो वार्षिक कार्यक्षमतेचा हिशेब सक्तीचा झाला, त्यात बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरलेलं आहे. आणि २३ मे २०१३ ला नागपुरात किती होतं? ४७.९. म्हणजे नवतपातल्या दुपारी आपलं शहर त्या तक्त्याच्या बाहेर गेलेलं असतं. टेस्ट केस लिहिलीच नाही आणि प्रॉडक्शनला टाकलं, असं आमच्या भाषेत म्हणतात.

उष्णता आपोआप जाते ती गरम जागेकडून गार जागेकडे. बाहेरच्या युनिटला ४६ अंशांच्या हवेत उष्णता सोडायची तर त्याच्या नळ्यांमधला गॅस त्याहून बराच जास्त तापवावा लागतो. त्यासाठी दाब वाढतो, कॉम्प्रेसरला कष्ट जास्त, वीज जास्त, आणि खोलीतून उष्णता मात्र कमी निघते. फारच ताण आला तर मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. बिघाड नसतानाही दीड टन दीड टन राहत नाही.

त्यामुळे मे महिन्यात सगळं लक्ष बाहेरच्या युनिटकडे हवं. दीड टनाचा एसी बाहेर जवळपास पावणेसात किलोवॉट उष्णता फेकतो, म्हणजे दोन किलोवॉटचे तीन गिझर सतत चालू असल्यासारखं. चोरीच्या भीतीने आपण त्याला दाट जाळीच्या पिंजऱ्यात कोंबतो, किंवा बाल्कनीत ठेवून समोर वाळत घालतो चादरी. मग तो आपलीच गरम हवा परत ओढतो. समोरची जागा मोकळी ठेवा, मागे भिंतीपासून अंतर सोडा. सावली करायची तर वर छप्पर करा, पण बाजू उघड्या राहू द्या.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याला आमच्याकडे आलेल्या एका मेकॅनिकने पाच मिनिटांत निदान केलं: गॅस संपला. बाबा म्हणाले, "आधी बाहेरचा धू, मग बोलू." मागच्या पत्र्यांत धूळ आणि कापसाचे तंतू यांचा चक्क नमदा बसला होता. मेन स्विच बंद करून साध्या पाण्याने धुतला, आणि संध्याकाळी आजीने पांघरूण मागितलं. लक्षात ठेवा, एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय नुसता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

आतली जाळी उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी धुवा. बाहेरच्या युनिटवर रोज पाणी मारू नका, आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार पत्र्यांवर बसतात. सेटिंग १६ वर नेल्याने साधा एसी लवकर गार करत नाही, फक्त बंद व्हायचं विसरतो. २४-२६ आणि वर पंखा ठेवा. वरच्या मजल्यावर असाल तर दुपारी ऊन स्लॅबमध्ये मुरतं आणि रात्री खोलीत उतरतं, तिथे गच्चीला चुना किंवा पांढरा रंग मारण्याने एसीचं ओझं कमी होतं. पश्चिमेच्या खिडकीचा पडदा दुपारी तीनला नाही, बाराला ओढा. आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर हवाच.

हे सगळं चैनीसाठी सांगत नाहीये. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून २०१३ मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. घरात म्हातारं माणूस असेल तर रात्री शरीराला सावरायला मिळणारे ते गार तास खरोखर मोलाचे असतात.

आणि ती थर्मांटिडोट फिरवणाऱ्या माणसाची गोष्ट. आपले तीन गिझर कुणाच्या तोंडावर चालू आहेत, हेही एकदा खाली उतरून बघा. आमच्या गल्लीत एका घराचं युनिट थेट शेजारच्या पत्र्याच्या खोलीच्या खिडकीसमोर होतं. त्यांनी ते गच्चीवर हलवलं. पाइप लांबला, खर्च झाला. ती खिडकी आता रात्री उघडी असते.

पुढच्या भागात वाळ्याबद्दल बोलू. तोवर मेन स्विच बंद करून बाहेरचं युनिट एकदा बघून या.