हुशार मूल शोधावे लागते



लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानावर वडिलांना हातभार लावणारे एखादे पोर कागद-पेन्सिल न घेता हिशेब सांगते. गिऱ्हाईक कौतुकाने हसते आणि निघून जाते. त्या पोराच्या बुद्धीची नोंद मात्र कोठेच होत नाही. अशी मुले कशी शोधावीत, या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ यांच्या साहाय्याने बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. गंमत अशी, की ती हुशार मुलांसाठी नव्हती. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून होती. पुढे अमेरिकेत लुई टर्मन यांनी तिला नवे रूप दिले आणि १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील दीड हजारांवर बुद्धिमान मुले निवडून त्यांचा अभ्यास आरंभला. शिक्षकांनी नावे सुचवायची आणि मग कसोटी घ्यायची, अशी रीत होती. त्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ ही दोन मुले गळाली. पुढे त्या दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, निवडलेल्यांपैकी मात्र एकालाही नाही! एका परीक्षेत नापसंत ठरलेल्या मुलाला कमी लेखू नये, हा यातला धडा.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी बसवली. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. बुद्धिमान मुलांसाठी शाळेबाहेरच्या पूरक वर्गांनी काम सुरू झाले आणि १९६९ मध्ये प्रशाला निघाली. बुद्धी म्हणजे केवळ पाठांतर नव्हे, तर नवे सुचणे, निवड करणे, नेतृत्व करणे हेही तिचे पैलू आहेत, ही दृष्टी तेथे रुजली.

परंतु पुण्याच्या पेठेतील शाळा पवन मावळातील किंवा कार्ल्याच्या पायथ्याच्या मुलाला कशी लाभावी? शासनाने या प्रश्नाची दखल घेतली. ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी साताऱ्यातील पुसेगावसारख्या ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने निघाली. १९८५-८६ मध्ये देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली. त्यांतील एक हरियाणातील झज्जरला, तर दुसरे आपल्याच महाराष्ट्रात, अमरावतीला. पुणे जिल्ह्याचे नवोदय शिक्रापूरजवळ आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत परीक्षा होते, राहणे-जेवणे मोफत असते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना असतात. मावळातील खेड्यांना या तरतुदीचा लाभ घेता येतो.

यांखेरीज राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. ती पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला झाली. इयत्ता बदलत असल्याने यंदाची चौकशी मुख्याध्यापकांकडे जरूर करा. ही परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते, म्हणून भाषेची सबब राहत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत आठवीला परीक्षा देऊन निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

मातापित्यांनो, आता प्रश्न आपल्या घरचा आहे. सतत 'का?' विचारणाऱ्या मुलाला आपण आगाऊ म्हणून गप्प बसवतो. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीबद्दल 'आता पुरे झाले' म्हणतो आणि मुलाला दहावी होताच गॅरेजवर पाठवतो. टर्मनच्या चाळणीतून दोन मुले गळाली; आपल्या घरच्या चाळणीतून किती गळाली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बाकावर शेजारी बसणारा एखादा मित्र अर्ज भरायला बिचकत असेल, तर त्याला हाताला धरून मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत न्या. अर्जाची मुदत निघून गेली, तर वर्ष हातचे जाते. या वर्षी आपल्या घरातील एकही अर्ज भरायचा राहू नये, एवढीच आपणा सर्वांना विनंती.